खडशीच्या मागावर

घोडबंदरच्या किल्ल्याखाली वसईच्या खाडीकडे तोंड करून तुम्ही उभे आहात. ओहोटी लागली आहे. डाव्या हाताला भाईंदर, पलीकडे वसईच्या बाजूचे डोंगर, पायाशी काळा चिखल आणि तिवरांची उघडी पडलेली मुळं. पाणी खारं आहे, पण ते नदीचंही आहे. उल्हास इथेच समुद्राला मिळते. मीरा रोडला तुमच्या नळाला वर्षानुवर्षं आलेलं पाणीसुद्धा मुख्यतः याच नदीच्या खोऱ्यातलं. तेव्हा आज त्या पाण्याच्या उलट दिशेने जायचं. कल्याण, बदलापूर, कर्जत मागे टाकत वर चढायचं आणि जितकं वर जाऊ तितकी वर्षंही मागे सोडत जायचं.

कशासाठी, ते आधी सांगतो. युरोप-अमेरिकेतल्या डोंगरी ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. एखाद्या लहान ओढ्यातल्या रानटी ट्राउटची नेमाने गणती करणं ही तिथल्या मत्स्यशास्त्राची जुनी रीत. ओढ्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना जाळी लावून बंद करतात, पाण्यात वीजप्रवाह सोडून मासे काही क्षण सुन्न करतात, उचलून लांबी आणि वजन घेतात, एखादा खवला काढून ठेवतात आणि मासा पुन्हा त्याच पाण्यात सोडतात. झाडाच्या बुंध्यात असतात तशी वर्तुळं खवल्यावरही असतात. हिवाळ्यात वाढ मंदावते, वर्तुळं दाटतात, त्यावरून वय कळतं. हे काम एकदा करून भागत नाही. दरवर्षी त्याच ओढ्यावर, त्याच तुकड्यात परत यावं लागतं. मग कळतं की यंदा पिल्लं किती जगली, मोठे किती उरले, आणि ओढ्याची पुढची पिढी आहे की नाही.

महाराष्ट्रात ट्राउट नाही. त्याला थंडगार पाणी लागतं. इंग्रजांनी तो निलगिरीत आणि काश्मिरात नेऊन वसवला. आपल्या बाजूच्या सह्याद्रीत त्याचा निभाव लागला नसता. पण ट्राउट जे मागतो तेच, म्हणजे वाहतं, नितळ, हवा खेळलेलं पाणी आणि गोट्यांचा तळ मागणारा एक मासा आपल्याकडेही आहे. थोराड खवल्यांचा, प्रवाहाविरुद्ध चढणारा महसीर. घाटावर त्याला खडशी म्हणतात. त्याच्या मागावर आपण निघालो आहोत.

भिवपुरीला क्षणभर थांबा. डोंगरउतारावरून खाली येणारे जाडजूड नळ, पायथ्याशी वीजघर, आणि वीजघरातून सुटून उल्हासकडे धावणारं पाणी. हे पाणी मुळात कोकणाचं नाही. घाटमाथ्यावर आंध्रा नदीला ठोकरवाडीला धरण घालून टाटांनी ते पश्चिमेकडे वळवलं आणि १९२२ पासून इथे त्याची वीज होऊ लागली. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी. धरण नसतं तर हे पाणी आळंदीवरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. तुम्ही मीरा रोडला जो तांब्या भरता, त्यात मावळचा पाऊस आहे.

आता घाट चढा आणि चढता चढता एकेक गोष्ट पुसत जा. नळ गेले, वीजघर गेलं, धरणाची भिंत गेली. बोरघाटातले रूळ गेले. आंध्रेच्या काठाने इंद्रायणी, तिथून पुणं, आणि पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर मुळा-मुठेचा काठ.

१८२७ च्या आसपासचा उन्हाळा आहे. पेशवाई जाऊन दहा वर्षंही झालेली नाहीत. नदी आटून डोहाडोहांत साठली आहे, मधल्या खळाळांत गोट्यांवरून पाणी कसंबसं सरकतंय. या पाण्याला वास नाही, हे तुमच्या आधी लक्षात येतं. वाकून ओंजळीत घेता, पिता, आणि पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेचं पाणी आपण प्यायलो याचं तुमचं तुम्हालाच नवल वाटतं. डोहाच्या तळाशी सावल्या हलतात. त्यांतली एक तुमच्या हातभर लांबीची आहे.

काठावर तंबू आहे. आत टेबलावर एक ओला मासा, शेजारी मोजपट्टी, कागद, रंग. टेबलाशी वाकलेला गोरा माणूस म्हणजे विल्यम हेन्री सायक्स. खडकीच्या लढाईत तो कंपनीच्या बाजूने लढला होता. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी गोळा करायला नेमलं आणि १८३१ पर्यंत तो हा मुलूख हिंडला. माणसं, पिकं, बाजारभाव, हवामान, पक्षी, आणि आता मासे. मासा पाण्यातून काढला की ओला असतानाच त्याची मापं घ्यायची, मापाबरहुकूम चित्र काढायचं आणि भोयांना नाव विचारायचं. जे कानावर पडेल ते तो आपल्या लिपीत उतरवून घेतो. त्यामुळे आजही दख्खनच्या कितीतरी माशांची शास्त्रीय नावं भोयांच्या तोंडची आहेत: कोळस, मुल्या, नुकटा, शेंगटी, घोगरा. टेबलावरच्या या माशाला त्याने खुद्री म्हटलं. चार मिशा, लांबट अंग, मोठे षटकोनी खवले, रक्ताळल्यासारखे पंख. १८३८ च्या अखेरीस त्याने हा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे वाचला, १८४१ मध्ये तो चित्रांसह छापून आला, आणि त्यातल्या चाळीसहून अधिक माशांत आपली खडशी होती.

सायक्सबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्यांना कुणी शास्त्रज्ञ म्हणणार नव्हतं, अशा माणसांना त्याने विचारलं आणि त्यांची उत्तरं जशीच्या तशी ठेवली. पण तंबूत नीट पाहा, मासे मुरवून ठेवायच्या बरण्या दिसतात का? सायक्सच्या बहुतेक जातींचे मूळ नमुने आज कुठेच नाहीत, उरली ती चित्रं आणि वर्णनं. शिरूरला घोड नदीत त्याला आणखी एक प्रचंड मासा मिळाला, त्याला त्याने मुसल्ला नाव दिलं. तो महसीर की दुसराच कुणी, हा वाद पुढे पावणेदोनशे वर्षं चालला. अलीकडच्या अभ्यासकांनी चित्र आणि वर्णन बारकाईने ताडून पाहिलं आणि त्याला महसीरांच्या गोतातून बाहेर काढलं. एक मासा बरणीत राहिला असता तर हा वाद उभाच राहिला नसता.

काठावर जाळं वाळत घालणाऱ्या म्हाताऱ्या भोयाजवळ जाऊन बसा. सायक्सच्या वहीत नसलेला प्रश्न त्याला विचारा.

“बाबा, या डोहात खडशी असतील किती?”

तो तुमच्याकडे पाहतो. “मोजतंय कोण? मिरगाचं पाणी आलं की वर चढत्यात, पाणी निवळलं की माघारी येत्यात. दरसाल येत्यात.”

पुढच्या सगळ्या गोष्टीत हे उत्तर ध्यानात ठेवा. खडशी नदीत उदंड होती तेव्हा तिची गणती करायचं कुणाच्या मनात आलं नाही. भोयाला गरज नव्हती, सायक्सला जाती हव्या होत्या.

वर्षं आता पुढे सरकू द्या. १९४२: फ्रेझर नावाचे गृहस्थ पुण्याच्या माशांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहितात, आणि त्याच सुमारास सुंदरलाल होरा आणि मिश्र हे प्राणिशास्त्रज्ञ त्याच नद्यांवर काम करतात. १९६१, १२ जुलै: पानशेतचं धरण फुटतं. १९६३: तोनापी आणि मुल्हेरकर यांची यादी. २००३: वाघ आणि घाटे मुळा-मुठेचे मासे पुन्हा नोंदवतात, आणि खरात, डहाणूकर, राऊत आदी अभ्यासक जुन्या याद्या नव्यांशी ताडून पुणे जिल्ह्यातल्या माशांत काय बदललं ते मांडतात. एकाच शहराच्या नदीवर पावणेदोनशे वर्षांत इतक्या वेळा परत येणं ही भारतात दुर्मिळ गोष्ट आहे आणि पुण्याच्या प्राणिशास्त्रज्ञांचं हे ऋण मानलंच पाहिजे. तरीही यादी म्हणजे गणती नव्हे. एखादी जात यादीत आहे म्हणजे ती नदीत धडधाकट आहे, असं होत नाही. अख्ख्या नदीत दोन म्हातारे मासे उरले असले तरी यादीत नाव येतं. कुणी नुसता जाळ्यातला मासा ओळखून थांबला, तर नदी रिकामी होत चाललेली त्याला दिसणार नाही.

आणि आता थोडं मागे, १९७० च्या सुमाराचा श्रावण, लोणावळ्याजवळचा वळवण तलाव.

पावसाची झड थांबत नाही. टाटांच्या तलावात चहूबाजूंनी ओहोळ कोसळतायत आणि जिथे ते पाणी तलावात शिरतं, तिथे काठाजवळ मोठे मासे येऊन थांबलेत. मुळा-मुठेत चढायचे तसे ते इथेही वाहत्या पाण्याकडे तोंड करून आहेत, पण वर जायला नदी उरलेली नाही. काठावर चिंब भिजून उभे आहेत डॉ. सी. व्ही. कुळकर्णी. मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे ते संचालक होते. तरुणपणी, १९४० साली, मुंबईच्या आसपासच्या खाडीपाण्यात राहणाऱ्या इंचभरही नसलेल्या, जवळजवळ पारदर्शक माशाची त्यांनी जगाला ओळख करून दिली होती. होरा आणि सेटना या दोघांच्या नावांवरून त्याचं नाव ठेवलं, होराइक्थिस सेटनाय. घोडबंदरच्या चिखलात उभं असताना तुमच्या पायाशी ज्या प्रकारचं पाणी होतं, तशाच पाण्याचा हा रहिवासी. तेवढासा मासा बघू शकणारी नजर आता हातभर महसीरवर लागली आहे.

जाळ्यातून मादी काढली जाते. पोटावरून अलगद अंगठा फिरवला की ताटात अंडी पडतात, टपोरी, सोनेरी झाक असलेली, रोहू-कटल्याच्या अंड्यांहून संख्येने खूप कमी. नराचं वीर्य त्यात मिसळायचं, मग पाणी घालायचं. ही अंडी तरंगत नाहीत, तळाशी बसतात. म्हणूनच या माशाला गोट्यांचा स्वच्छ तळ लागतो. गाळ आला की अंडं गुदमरलं. तीनेक दिवसांत पिल्लं बाहेर येतात. ताटावर वाका आणि पाहा: सगळी पिल्लं कोपऱ्यात दाटी करून, डोकी उजेडापासून लपवून, शेपट्या सतत थरथरवत पडली आहेत. नदीत ती अशीच गोट्यांच्या फटीत डोकं खुपसून ते नाजूक दिवस काढत असणार. कुळकर्णींनी हे सगळं बघून १९७० मध्ये प्रसिद्ध केलं, आणि दख्खनच्या महसीरची अंडी, पिल्लं, वाढ पहिल्यांदा शब्दांत आली. सायक्सला जे विचारायचं सुचलं नव्हतं, त्यातलं निम्मं उत्तर इथे मिळालं.

पुढचं काम त्यांनी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी मिळून केलं. वळवणला उबवणकेंद्र उभं राहिलं. ओल्या कापसात गुंडाळलेली अंडी विमानाने लांबवर नेता येतात, असं दोघांनी १९७९ मध्ये मांडलं. शंभर वर्षांहून आधी, १८६४ साली, इंग्रजांनी ट्राउटची अंडी शेवाळात आणि बर्फात ठेवून जहाजाने टास्मानियाला पोहोचवली होती. इथे आपल्याच मातीतला, संपत चाललेला मासा, आपल्याच माणसांच्या हातून हजारोंनी जन्माला येत होता. त्या काळी महसीरची सगळीकडून पीछेहाट चालली होती: धरणं, सुरुंग, विषारी भुकटी. अशा वेळी कुणीतरी भर पावसात उभं राहून पिल्लं वाढवतं, याचं मोल मोठं आहे. या पिल्लांना राज्याराज्यांतून मागणी आली.

पण पिल्लं भरलेल्या पिशव्यांबरोबर तुम्हीही दक्षिणेला जा. कर्नाटक, कावेरीचं खोरं, गलीबोरे. १९७६ पासून लोणावळ्याची पिल्लं कावेरीत सोडली जात आहेत. या नदीत आधीपासून स्वतःचा महसीर आहे, पाठीला कुबड असलेला, जगातल्या सगळ्यांत मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६ साली गळाला लागलेल्या एकाचं वजन १२० पौंड भरलं होतं. जगभरचे गळवाले त्याच्यासाठी येतात, आणि तरीही त्याला अजून नक्की शास्त्रीय नाव नाही.

१९९८ मध्ये गलीबोरेच्या तळावर पकडलेल्या प्रत्येक माशाची नोंद सुरू होते. मासा परत सोडायचा, पण कुबडवाला की लोणावळ्याहून आलेला निळ्या पंखांचा, आणि वजन किती, हे वहीत लिहायचं. (सायक्सच्या खुद्रीचे पंख लाल होते आणि वळवणच्या माशाची ओळख निळ्या पंखांची. हे कोडं अभ्यासकांना अजूनही छळतं, कारण तीच न ठेवलेली बरणी.) २०१२ पर्यंत २३,६२० तासांची गळमासेमारी आणि ६,१६१ महसीर त्या वहीत आले. पिंडर, राघवन आणि ब्रिटन यांनी २०१५ मध्ये त्या नोंदी उलगडल्या.

वही तुम्हीच उघडा. निळ्या पंखांचे वाढत जातात, लहान, मधले, मोठे, सगळ्या वयांचे. कुबडवाले वर्षागणिक कमी होतात. त्यांच्या रकान्यात मात्र एक गोष्ट वरकरणी बरी दिसते: पकडलेल्या कुबडवाल्याचं सरासरी वजन वाढत चाललंय. गळाला लागलेला एकेक मासा आधीच्यापेक्षा भारी, गळवाला खूश. तुम्ही ट्राउटच्या ओढ्यावरून आलात म्हणून तुम्हाला याचा अर्थ लगेच कळतो. लहान मासे नाहीतच. पिल्लं जन्मून वाढतच नाहीत. उरलेत ते म्हातारे, आणि ते दरवर्षी एक वर्षाने म्हातारे होतायत. २०१८ मध्ये या कुबडवाल्याची ओळख एकदाची पटली, टॉर रेमादेवी, प्राणिशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्या नावाचा. त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त म्हणून त्याची नोंद झाली.

वळवणच्या पावसात उभे असलेल्या माणसांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. मासा वाचवणं म्हणजे मासे वाढवून सोडणं, अशीच तेव्हा जगभर समजूत होती. ट्राउटच्या मुलखातही परक्या पिल्लांनी ओढे भरले गेले. पण सोडण्याआधी कावेरीत काय आहे, हे कुणी मोजलं नव्हतं. नदीला मासा कमी पडतोय की पाणी, तळ आणि वाट कमी पडतेय, हे मोजल्याशिवाय कळत नाही. हीच एक गोष्ट दाखवायला मी तुम्हाला इतक्या वर्षांतून फिरवलं.

आता आजच्या वर्षात या, आणि घराजवळ या. तिळसे, तालुका वाडा, जिल्हा पालघर. वैतरणेच्या पात्रात काळ्या खडकावर तिळसेश्वराचं देऊळ आहे आणि देवळापुढच्या डोहात महसीर. इथे कुणी जाळं टाकत नाही. पायरीवर बसून चुरमुरे टाका, पाणी उकळी फुटल्यासारखं ढवळून निघतं. महाडकडे काळ नदीवर वाळणकोंडलाही असंच आहे, तिथे वरदायिनीच्या नावाने मासा राखला जातो. उबवणकेंद्रांच्या कितीतरी आधीपासून गावांनी हे केलं: मासा हलवला नाही, त्याचा डोह राखला.

पण चुरमुऱ्यांवर जमलेले मासे मोजू नका, तो आकडा फसवा असतो; खायला मिळतं म्हणून लांबलांबचे तिथे येतात. पहाटे, भाविक यायच्या आत, उंच खडकावर बसा. डोहाचे मनाने चार भाग करा आणि प्रत्येक भागात दहा मिनिटं पाहा. हातभर मोठे किती, वीतभर किती, बोटाएवढे किती, तीन रकाने. हे तीनदा करा, मग सरासरी. मुभा असती तर दुसरी रीत वापरता आली असती. समजा ४० मासे खूण करून सोडले, पंधरा दिवसांनी ५० पकडले, त्यांत खुणेचे १० निघाले. म्हणजे दर पाचात एक खुणेचा, तेव्हा डोहात अदमासे २००. पण देवाच्या माशाला इथे हात लावायचा नाही, आणि ते योग्यच आहे.

तुमचा तिसरा रकाना जवळजवळ रिकामा राहतो. कावेरीची वही तुमच्या डोक्यात आहे, छातीत धस्स होतं. थांबा, घाई नको. महसीर डोहात उन्हाळा काढतो, अंडी मात्र पावसात वर चढून ओहोळांत घालतो. पिल्लं इथे नसतील तर ती तिकडे शोधायला हवीत. वैतरणेवर वरच्या अंगाला मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेली धरणं आहेत, मोडकसागर १९५७ पासून, त्यामुळे मोठी वाट अडलेली. उरतात ते बाजूने येणारे ओढे.

दसऱ्याच्या आसपास पाणी निवळतं तेव्हा अशा एका ओढ्यात तुम्ही उतरता. गुडघाभर पाणी, गोटे घसरडे, कडेने करंजाची सावली. बरोबर वाड्याच्या कॉलेजची दोन मुलं, एकाच्या हातात मोजपट्टी लावलेला उथळ ट्रे, दुसरीच्या हातात वही. छोटं जाळं दगडाच्या खालच्या अंगाला धरायचं, वरून पायाने गोटे हलवायचे. मुऱ्या येतात, खेकडे येतात, चार प्रकारचे बारीक मासे येतात, आणि त्यांत खवल्यांच्या मोठ्या नक्षीचं एक बोटाएवढं पिल्लू. ट्रेमध्ये पाणी, पाण्यात पिल्लू, पट्टीवर माप, फोटो, जागेची नोंद, आणि लगेच परत. नमुना म्हणून एकच मासा, रीतसर परवानगीने, मुरवून संग्रहालयात जाईल.

ओढ्यालगतच्या पाड्यावरचे एक काका काठावर येऊन बघत उभे असतात. हा मासा कोणता, ते त्यांना तुमच्याआधी माहीत आहे. मे महिन्यात डबकी उरली की बाहेरची पोरं ब्लीचिंग पावडर टाकून मासे गोळा करतात, असं ते सांगतात. त्या पावडरीने बोटाएवढं पिल्लूच आधी मरतं. देवळापुढे जसा नेम आहे, तसा या ओढ्यालाही करता येईल का, तुम्ही विचारता. निदान मिरगापासून नवरात्रापर्यंत जाळं बंद, आणि पावडर तर कायमचीच बंद.

“ग्रामसभेत मांडू,” ते म्हणतात. “पण नुसतं मासे कमी झाले म्हणून कुणी ऐकायचं नाही. कुठल्या ओढ्यात किती सापडले ते लिहून आणा, आणि पुढच्या साली परत मोजायला या.”

वहीवाली मुलगी ओढ्याचं नाव विचारून घेते, त्यांनी सांगितलं तसंच लिहिते, आणि वरच्या डबक्याकडे निघते.